मालक नसताना घेतलेलं माप

पत्र: ‘सलाम. मी ३१ वर्षांचा, खानापूर तालुक्यातल्या गावातून रोज बसनं बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कामाला येतो. कंत्राटी आहे. सीएनसी लेथवर (संगणकावर चालणाऱ्या कातण्याच्या मशीनवर) हायड्रॉलिक सिलेंडरचे पिन करतो, ३२ मिलिमीटरचे, टॉलरन्स एफ ७. गेल्या महिन्यात चर्चच्या पाळकसाहेबांनी “जे काही तुम्ही करता ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा” या वचनावर संदेश दिला. तेव्हापासून मी दहा मिनिटं आधी येतो, मशीन पुसून ठेवतो, कुठल्याच कामाला नाही म्हणत नाही. झालं काय, तर दोन मशीनं होती ती तीन झाली. मापं घ्यायला वेळ उरत नाही. सुपरवायझर म्हणतात, शेवटच्या अर्ध्या तासात रिपोर्ट भरून टाक, सगळे तसंच करतात. मी भरतो. सोबतचे म्हणतात, “काय रे, मालकाला खूश करूलालास काय?” दर तिसऱ्या आठवड्याला रविवारची सकाळपाळी येते, उपासना चुकते. मशीनवर प्रार्थना करायला बघतो तर लक्ष लागत नाही. आणि महिन्याभरापूर्वी आमचा मायक्रोमीटर, बारीक माप घ्यायचं अवजार, खाली पडला, कुणी बोललं नाही, सगळे तोच वापरतात. ही भक्ती का खुळेपणा, तुम्हीच सांगा.’
— एक वाचक, खानापूर तालुका

भाऊ, सलाम.

तुमच्या पत्रात सगळ्यात जड वाक्य सगळ्यात छोटं आहे: ‘मी भरतो.’ थट्टा, रविवार, प्रार्थना हे सगळं नंतर बघू. आधी तो रिपोर्ट समोर घेऊ, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्याच कागदावर आहे.

पाळकसाहेबांनी घेतलेलं वचन बायबलमधल्या कलस्सैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायातलं तेविसावं. त्याच्या वरचं बाविसावं घरी निवांत वाचा. तिथं प्रेषित पौल दासांना सांगतो की धन्याचं काम करा, पण ते ‘तोंडदेखल्या चाकरीने’ नको. मूळ ग्रीक शब्द फोडला तर ‘डोळ्यांपुढची चाकरी’ असा निघतो. डोळा फिरला की काम थांबलं. ‘जिवेभावे’ हा आपल्या मराठी शास्त्रातला शब्दही मोठा गोड आहे, मुळात तिथं ‘जिवातून’ असं आहे. दोन्ही ओळी लागोपाठ वाचल्या तर जास्त काम करा असं त्यात कुठंच सापडत नाही. कुणी बघत असो-नसो, काम एकच राहू दे, एवढंच सापडतं. तुम्ही लवकर येता, मशीन पुसता, हे चांगलंच आहे. पण ते अख्ख्या शॉपला दिसतं. न मापलेल्या पिनापुढं लिहिलेलं ३१.९६२ कुणालाच दिसत नाही. पौलाचं बोट नेमकं तिथं आहे.

टॉलरन्स म्हणजे माप किती हलू शकतं त्याची हद्द; ३२ एफ ७ म्हणजे व्यास ३१.९५० ते ३१.९७५. सगळी मिळून २५ मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या पंचवीस हजारांशांची जागा. पाळीत शंभरेक पीस निघत असतील आणि दर दहावा मापायचा असेल, तर रिपोर्टवर दहा आकडे. शेवटच्या अर्ध्या तासात बसून भरलेला रिपोर्ट जाणत्या माणसाला लांबूनच कळतो: दहाही आकडे ३१.९६० ते ३१.९६५ मध्ये, एका ओळीत बसवलेल्या पोरांसारखे. खरं मशीन इतकं शहाण्यासारखं वागत नाही. इन्सर्टची, म्हणजे कापणाऱ्या टोकाची, धार झिजते तसा बाहेरचा व्यास वाढत जातो. .९५६, .९५९, .९६३, .९६८ असं चढत जातं. मग तुम्ही वेअर ऑफसेटमध्ये, म्हणजे झिजेपोटी मशीनला द्यायच्या दुरुस्तीत, एक्सला उणे ०.०१० देता, आकडा खाली येतो आणि पुन्हा चढायला लागतो. खऱ्या रिपोर्टवर करवतीचे दाते दिसतात. ते दाते नसतील तर ऑफसेट कधी दिला, इन्सर्ट कधी बदलला, पीस कुठल्या क्षणी हाताबाहेर जायला लागला, यातलं काहीच त्या कागदावरून काढता येत नाही. मग तो कागद कशाला?

दहाव्या पीसचा नियमही आंधळेपणानं पाळू नका. सकाळी मशीन थंड असतं. पहिल्या अर्ध्या तासात स्पिंडल आणि बॉलस्क्रू तापतात, तसं माप आपसूक सरकतं. चहाला थांबलात, वीज जाऊन आली, इन्सर्ट फिरवला किंवा बदलला, तरी तेच. अशा प्रत्येक थांब्यानंतर पहिले तीन पीस ओळीनं मापा आणि मग दहाव्यावर जा. अजून एक चूक भलेभले करतात: चकमधून (पीस धरून फिरवणाऱ्या पकडीतून) काढलेला गरम पीस तसाच मापतात. पोलाद एका अंशाला मीटरमागे साधारण ११ ते १२ मायक्रॉन फुगतं. ३२ मिलिमीटरच्या पिनावर १५ अंश उष्णता जास्त असेल तर पाचेक मायक्रॉनचा फरक, म्हणजे तुमच्या जागेचा पाचवा हिस्सा. गरम असताना ३१.९५३ दिसलेला पिन थंड झाल्यावर ३१.९४८ भरतो. मोठा राहिलेला पिन पुन्हा लावता येतो, लहान झालेला सरळ भंगारात. म्हणून पीस कुलंटनं किंवा हवेनं थंड करा, हाताला गार लागला की मग मापा, आणि खालच्या हद्दीजवळचा आकडा आला तर पाच मिनिटांनी तोच पीस पुन्हा मापा.

हे एवढं बारीक का सांगतोय? कारण तुमचा पिन उद्यमबागेत राहत नाही. तो कुठल्यातरी बकेटच्या, ट्रॉलीच्या सांध्यात जाऊन बसतो. लहान असेल तर सांधा खुळखुळतो, दर झटक्याला पिनाभोवतीचा बुश खातो. मोठा असेल तर बसवणारा हातोडा मारून घालतो आणि पृष्ठभाग ओरबाडतो. शेजाऱ्यावर प्रीती करायला सांगितलंय त्यातला एक शेजारी तुम्हाला कधीच भेटणार नाही. त्याच्या-तुमच्यात फक्त तो आकडा आहे. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात थैलीत लहान-मोठी दोन वजनं ठेवू नको म्हटलंय ते बाजारातल्या तराजूबद्दल. तुमच्या हातात तराजूच्या जागी मायक्रोमीटर आहे, एवढाच काय तो फरक.

आता वेळेचं. ‘वेळ नाही’ ही तुमची तक्रार खरी आहे, पण ती मोघम सांगून कुणी ऐकणार नाही. कागदावर मांडा. समजा कटिंग तीन मिनिटं आणि पीस काढून नवा लावायला एक मिनिट, म्हणजे दर चार मिनिटांना एक पीस, २४० सेकंद. त्यात तुमच्या हातचं काम: लावणं-काढणं ६०, बर (कडेची खरखर) काढणं २०, स्नॅप गेज (हद्दीत बसतो की नाही एवढंच दाखवणारं माप) लावून बघणं १५, चिप (कापून निघालेला कीस) ओढणं आणि चालणं १५. झाले ११०. दोन मशीनं म्हणजे २२०. वीस सेकंद उरतात. दहा फेऱ्यांत अशी २०० सेकंद जमतात आणि दोन मशीनच्या दहाव्या पीसला मायक्रोमीटर लावायला, आकडा लिहायला ८० पुरतात. तिसरं मशीन धरलं तर ३३०. २४० मध्ये ३३० कुणी बसवून दाखवू शकत नाही, मग काहीतरी गळतं. आणि आवाज न करता गळणारी गोष्ट म्हणजे माप. तुमच्या पीसचे आकडे वेगळे असतील. दोन दिवस घड्याळ लावून तुमचे स्वतःचे काढा.

हे घेऊन सुपरवायझरकडे जाताना तोंडावर नकार ठेवू नका. बायबलमधल्या दानिएलाची रीत बघा. राजाच्या ताटातलं खायचं नाही हे त्यानं मनाशी पक्कं केलं होतं, तरी कारभाऱ्यासमोर आदळआपट केली नाही. दहा दिवस आम्हाला डाळभाजी देऊन बघा, मग तुम्हीच ठरवा, असं म्हणाला. तुम्हीही दहा दिवस मागा. ‘साहेब, दहा दिवस दोनच मशीनं द्या, दर दहावा पीस मापून वेळेसकट लिहितो. रिजेक्शन आणि रीवर्क किती ते तुम्हीच मोजा.’ आकड्यानं बोललं की सुपरवायझरलाही वर जाऊन बोलायला तोंड मिळतं. त्याच्यावरही कुणीतरी बसलेलं असतंच की.

ते दहा दिवस मिळोत न मिळोत, रिपोर्टचं उद्यापासूनच बदला. पेन दोरीनं मशीनला बांधा. पेन शोधायला जावं लागलं की आकडा ‘नंतर’वर जातो. पुढचा पीस कटिंगला लावून मगच आधीचा मापा, म्हणजे मशीन थांबत नाही. आकड्यासमोर वेळ टाका. तासातासाचे पीस वेगळ्या ट्रेमध्ये ठेवा आणि ट्रेवर खडूनं तास लिहा, म्हणजे एखादा आकडा हद्दीबाहेर गेलाच तर शंभर पीस उलटेपालटे करावे लागणार नाहीत, दहा-पंधरातच सापडेल. आणि माप घ्यायचं राहून गेलं असेल तर रकाना रिकामा ठेवा. विचारलं तर सांगा, ‘या वेळेला मापलेलं नाही. त्या तासाचा ट्रे ठेवलाय, आत्ता मापून देतो.’ रिकामा रकाना लाजिरवाणा असतो, मान्य. पण तो खरा असतो.

तरीही ‘भरच’ म्हणाले तर? मग क्वालिटीच्या माणसाकडे जा. गुपचूप फोटो काढून व्हॉट्सअॅपवर टाकू नका आणि परस्पर गिऱ्हाईकाला फोन करू नका. याची किंमत मोजावी लागू शकते हे तुम्हाला आधीच सांगायला हवं. कंत्राटी माणसाला दुसऱ्या मशीनवर ढकलणं, उद्यापासून येऊ नको म्हणणं, दोन्ही सोपं असतं. दोनेक महिन्यांचा घरखर्च बाजूला असेल तर माणूस ताठ उभा राहतो, तेव्हा ती सोय आधी करा. घरी बायकोशी बोला. परिणाम तिच्याही चुलीवर होणार आहे.

‘कुठल्याच कामाला नाही म्हणत नाही’ हे तुम्ही सद्गुण म्हणून लिहिलंय. आम्हाला तसं वाटत नाही. ज्या कामाला हो म्हटल्यानं हातातलं काम खोटं पडतं, त्याला हो म्हणणं ही माणसाला खूश करण्याचीच रीत झाली. तुमच्या सोबत्यांचा टोमणा इथं थोडा खरा आहे, रागावू नका. त्या वचनात मालकाला प्रभूच्या जागी बसवलेलं नाही. उलट खुर्चीवरच्या माणसाच्या वर आणखी एक धनी आहे, असं दासाला सांगितलंय. आणि चौथ्या अध्यायाचं पहिलं वचन धन्यांसाठी आहे: तुम्हालाही स्वर्गात धनी आहे, दासांशी न्यायानं आणि समतेनं वागा. तेविसावं वचन कारखान्याच्या भिंतीवर लावायला बरेच मालक तयार होतील. हे दुसरं शेजारी लावायला किती होतील बघा. याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय तर आणखी तिखट आहे. शेतं कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते, असं तो म्हणतो.

तेव्हा आपला हिशेब मागणं अभक्ती नाही. आठवड्याला ४८ तासांची हद्द आहे, जादा तासांना दुप्पट दर आहे, ठेकेदारानं पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ कारखान्यावर येते. खिशातल्या डायरीत रोजची येण्या-जाण्याची वेळ लिहीत जा. भांडायचा दिवस आलाच तर आठवणीपेक्षा डायरी कामाला येते.

सोबत्यांना प्रवचन देऊ नका, जेवणाच्या सुट्टीत तर नकोच. त्यांच्यात कुणी लिंगायत असेल तर त्याला तुमची गोष्ट समजवावी लागणार नाही. बाराव्या शतकातल्या शरणांचा ‘कायक’, म्हणजे काम हीच पूजा, हा शब्द तो घरातून घेऊन आलाय. वारकरी घरातला असेल तर सावता माळी त्याला ठाऊक आहे. आपल्याकडे प्रभू स्वतः सुतार होता. दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती लेखक जस्टिन लिहितो की येशू नांगर आणि जू बनवायचा. जू नीट तासलेलं नसलं की बैलाच्या मानेवर घट्टा पडतो, हे खानापूरच्या माणसाला आम्ही काय सांगणार? त्यांच्या कामात हात द्या, पाळी संपल्यावर मशीन सोडताना चालू ऑफसेट आणि इन्सर्टचा हिशेब पुढच्या माणसाला नीट सांगून जा. टोमणे महिन्या-दोन महिन्यांत थकतात.

मशीनवर प्रार्थनेत लक्ष लागत नाही म्हणता, तर लागूच नये. चक हजार-दीड हजार फेऱ्यांनी फिरत असताना मन दुसरीकडे असणं धोक्याचं. डोळे मिटायचे नाहीत, कानात गाण्याचा इअरफोन घालायचा नाही, फिरत्या चकजवळ हातमोजे किंवा लोंबती बाही नको, चिप लोखंडी हुकनं ओढायची, हातानं नाही. प्रार्थनेला कामातल्या थांब्यांचा आधार द्या. पाळीच्या सुरुवातीला मायक्रोमीटर पुसताना एक ओळ, दर दहावा आकडा लिहून झाला की एक ओळ, ट्रेवर तास लिहिताना एक. नव्वदाव्या स्तोत्राचा शेवट हातच्या कामासाठीच आहे: आमच्या हातचं काम सिद्धीस ने. तीन सेकंद लागतात. लांब प्रार्थना परतीच्या बसमध्ये करा. मधल्या वेळात मापाकडे लक्ष असलं तर तेच तेव्हाचं चित्त लावणं.

रविवारचं सोपं आहे, फक्त आधी हलायला हवं. आठवड्याची एक सुट्टी हक्काची असते, पण ती रविवारीच मिळेल असं नाही; आणि सुट्टीच्या दिवशी कामावर बोलावलं तर बदली सुट्टी द्यावी लागते. तुमच्या सोबत्याला गणपतीत, दिवाळीत, गावच्या यात्रेत सुट्टी हवी असते. त्याच्या त्या पाळ्या तुम्ही घ्या, तुमची रविवारची सकाळ, उत्तम शुक्रवार आणि नाताळ तो घेईल. पाळ्यांचा कागद लागायच्या आठवडाभर आधी दोघं मिळून सुपरवायझरला सांगा, लागल्यावर नको. तरी एखादा रविवार चुकला तर त्या दिवशी संध्याकाळची उपासना कुठल्या मंडळीत (चर्चमध्ये) आहे ते विचारून ठेवा. बेळगावात एकाच मंडळीत वेगवेगळ्या भाषांच्या उपासनाही वेगळ्या वेळेला असतात. शब्बाथ माणसासाठी केला, हे प्रभूचंच बोलणं. महिन्यात एकदा चुकलं म्हणून रात्रभर तळमळू नका. सलग दोन महिने सुट्टीच न घेता राबलात तर मात्र जरूर तळमळा.

राहिला मायक्रोमीटर. सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टनं आपल्या मठाच्या कारभाऱ्याला सांगून ठेवलं होतं की मठाची अवजारं वेदीवरच्या भांड्यांसारखी सांभाळ. उद्या पाळी सुरू व्हायच्या आधी हे करा. स्वच्छ कोरा कागद दोन्ही तोंडांत हलका धरून ओढून काढा, म्हणजे तेल आणि धूळ निघते. २५ ते ५० च्या मायक्रोमीटरबरोबर येणारा २५ चा सेटिंग रॉड पुसून मध्ये धरा, रॅचेट दोन-तीन ‘टिक’ होईपर्यंत फिरवा, जोर लावू नका. २५.००० आला तरी खूश होऊ नका. पडलेल्या मायक्रोमीटरची तोंडं एकमेकांना समांतर राहत नाहीत, स्क्रू एखाद्या जागी अडखळतो, आणि २५ ला बरोबर दाखवूनही ३२ ला तो चुकतो. म्हणून स्टँडर्ड रूममध्ये नेऊन स्लिप गेजवर (नेमक्या जाडीच्या पोलादी ठोकळ्यांवर) २५ ला, ३२ च्या जवळ आणि ४५ ला तपासून मागा. तीच स्लिप तोंडाच्या मधोमध आणि कडेला धरून दोन्ही आकडे सारखे येतात का तेही बघायला सांगा. फरक निघाला तर मायक्रोमीटरला लाल चिठ्ठी बांधून बाजूला ठेवायचा आणि तो पडल्यापासून मापलेल्या लॉटपैकी जे अजून शॉपमध्ये पडून आहेत ते दुसऱ्यानं पुन्हा मापायचे. आणि पडला हे सांगताना ‘कुणीतरी पाडला’ एवढ्यावर थांबू नका, ‘पडलाय हे महिनाभर माहीत असून मीही तोच वापरत होतो’ हेही सांगा.